डावऱ्या हाताची गाठ

शिडी सरकली ती अंगठ्याएवढीच. पण जमिनीपासून बारा फुटांवर उभं असताना अंगठ्याएवढं सरकणंही हातभर वाटतं.

मी वायपर काचेवर तसाच दाबून धरला, जणू तो मला पेलणार होता. आणि शिडी थांबली. खाली पाहिलं तर एका माणसाने ती दोन्ही हातांनी धरली होती. वर न बघता तो शिडीच्या पायांकडे बघत होता.

"फरशी ओली आहे," तो म्हणाला.

"मीच केलीय."

"मग तुम्हाला माहीत असायला हवं."

असं बोलणाऱ्या माणसाचे आभार कसे मानायचे? तरी मी मानले. "धन्यवाद. आता सोडलीत तरी चालेल. तुमची सावली पडतेय, डाग दिसत नाहीत."

"तुम्ही उतरा, मग सोडतो."

"अजून अर्धी काच राहिलीय."

"मग अर्धी काच होईपर्यंत उभा आहे."

रविवारची सकाळ होती. चष्म्याचं दुकान बंद होतं आणि आत मांडलेले पन्नास-साठ रिकामे चष्मे आमच्याकडे टक लावून बघत होते. बारीक पाऊस भुरभुरत होता, थांबावं की पडावं हे न ठरलेला. खरं सांगायचं तर ती अर्धी काच मी जरा जास्तच निगुतीने पुसली.

खाली उतरले तेव्हा तो शिडीच्या पायरीला टांगलेल्या माझ्या बादलीकडे बघत होता.

"ही गाठ कोणी बांधली?"

"मी."

"उलटी आहे."

"बादली पडली का?"

"नाही."

"पाणी सांडलं?"

"नाही."

"मग गाठीबद्दल तक्रार काय आहे?"

तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठांना कळलं. पण लगेच गंभीर होऊन म्हणाला, "बादलीसाठी ठीक आहे. फक्त या गाठीवर स्वतः लटकू नका म्हणजे झालं."

आणि तो गेला. मी मात्र तिथेच उभी राहिले, चिडून. कारण तीन दिवसांनी, बुधवारी, मी नेमकी याच गाठीवर लटकणार होते.

...

बाबा उंचावरून पडून गेले नाहीत. हे मला प्रत्येकाला सांगावं लागतं. काचा पुसणारा माणूस गेला म्हटलं की ऐकणाऱ्याची नजर आपोआप वर जाते. बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसून कामाला निघताना गेले. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. दुसरी मी बांधली.

त्याला पाच महिने झाले. मी छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरी सोडली आणि त्यांची शिडी उचलली. आई म्हणाली, "विचार कर." मामा म्हणाला, "शिडी मी धरतो." मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बावीस वर्षं त्याने बाबांची शिडी धरली होती; त्या रविवारी सकाळी तेवढा तो नवे फडके आणायला गेला होता. त्याच्या गुडघ्यांनी आता वर चढायला साफ नकार दिला होता, पण तोंड शाबूत होतं.

बाबांचा एकच हट्ट असे. कोणी म्हटलं, "जरा पन्हळही साफ कराल का?" की ते मान हलवत. "आम्ही काचेचे." पंखा नाही, दिवा नाही, छप्पर नाही. काचेचे म्हणजे काचेचे. पण आता नुसत्या काचांसाठी कोणी बोलावेनासं झालं होतं. ज्या सात मजली इमारतीच्या खालच्या तीन मजल्यांच्या काचा बाबांनी अकरा वर्षं लांब दांड्याने पुसल्या, तिथल्या व्यवस्थापक बाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "मला सात जणांना सात फोन करायचे नाहीत. सातही मजल्यांच्या काचा, गच्चीवरचे सौर पॅनेल, पन्हळी, कबुतरांच्या जाळ्या, सगळं एकाच माणसाने करावं. जमेल?"

"जमेल."

"दोरावरून उतरायचा परवाना?"

"काढतेय."

"शुक्रवारी दुपारपर्यंत दाखवा. नाहीतर सोमवारपासून दुसरे येतील." दुसरे म्हणजे मोठी कंपनी. त्यांच्या गाड्यांवर शिड्यांच्या रांगा असतात. आणि ही इमारत गेली की बाबांच्या व्यवसायात माझ्या शिडीखेरीज फारसं काही उरत नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी आई जेवणाच्या टेबलावर नव्या पत्रकाचा मजकूर लिहीत होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

"काचा," ती म्हणाली. "पन्हळी. पॅनेल. जाळ्या. पाट्या आणि दिवे... सरळ 'उंचावरची सगळी कामं' असंच लिहू का?"

"सगळी नको, ताई," मामा म्हणाला. "उद्या कोणी उंच मुलीसाठी स्थळ बघायला बोलावेल."

आई हसली. मग पेन थांबलं. "त्यांना आवडलं नसतं."

"त्यांना धंदा बंद पडलेलाही आवडला नसता," मामा म्हणाला. मी 'काचा' हा शब्द सगळ्यात वर आणि ठळक घ्यायला सांगितला. तेवढं मला त्यांच्यासाठी करता येत होतं.

...

परीक्षा एका कारखान्यामागच्या आवारात होती. चार मजली लोखंडी मनोरा, भिंती नाहीत, नुसते जिने आणि वारा. सहा दिवसांचा वर्ग मी तिथेच केला होता. वीस जण आणि एक शिक्षक, त्यामुळे माझे हात कधी कोणी जवळून बघितले नव्हते.

मी वर पोचले. कठड्याशी हातात फळी आणि कागद घेऊन तो उभा होता.

"तुम्ही," तो म्हणाला.

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी परीक्षक आहे."

"मी परीक्षार्थी. आज शिडी आणलेली नाही."

हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत आलं होतं... आणि शटर ओढावं तसं त्याने ते खाली ओढून घेतलं. "दोर बांधा," तो म्हणाला.

मी बांधला. आठाची गाठ म्हणतात तिला. आपला आठ नव्हे, इंग्रजीतला, दोन पोटांचा. दहा वर्षांची असल्यापासून मला ती येते. बाबा मागे उभे राहून माझे हात धरत आणि त्यांच्या हातांबरोबर माझे हात फिरत. अजूनही ती बांधताना मला माझी बोटं बघावी लागत नाहीत.

त्याने हेल्मेटचा पट्टा बघितला. कमरेचा पट्टा बघितला, हात न लावता, नुसत्या नजरेने. एकेक कडी. प्रत्येकीपुढे खूण. मग त्याने मान वर केली. वाऱ्याने हेल्मेटखालून माझ्या केसांची एक बट बाहेर काढली होती आणि ती तोंडावर येत होती, आणि माझे दोन्ही हात दोरात गुंतलेले. मी फुंकर मारून ती उडवली. ती परत आली. परत उडवली.

त्याचं पेन कागदावर हललं. बरोबरची खूण. मला ती स्पष्ट दिसली.

तो दोन पावलं गेला, थबकला आणि परत आला. खाली वाकून त्याने माझी गाठ बघितली. बराच वेळ. मग ती खूण खोडली.

"उतरू?" मी विचारलं.

"नाही."

"म्हणजे?"

"गाठ उलटी आहे. मी रविवारी सांगितलं होतं."

"उलटी म्हणजे कच्ची का?"

"नाही. ताकद तेवढीच आहे."

"मग?"

"दोरावर कोणी एकट्याने जात नाही. जोडीला दुसरा असतो. खाली उतरायच्या आधी त्याने तुमची गाठ एका नजरेत वाचायची असते. उलटी दिसली की तो थांबणार. उलटी आहे की चुकलीय, हे शोधत बसणार. तेवढा वेळ दर वेळी मिळत नाही." मग तो थांबला आणि आवाज उतरवून म्हणाला, "ज्यांनी शिकवलं ते... डावरे होते का?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. बाबा डाव्या हाताने लिहीत, डाव्या हाताने वायपर ओढत. त्यांच्या हातांबरोबर माझे हात फिरले आणि त्यांचं डावरेपण माझ्या गाठीत येऊन बसलं. बाकी सगळं मी उजव्या हाताने करते. एवढं एकच नाही.

"हो," मी म्हटलं. "होते."

माझा 'होते' त्याच्या कानांनी पकडला. आदराचा नव्हे, भूतकाळाचा. त्याने मान खाली घातली.

"शुक्रवारी सकाळी नऊला परत घेतो. गाठ सरळ आली तर बाकी सगळं तुम्हाला येतं."

"आणि ती खूण? आधी बरोबर, मग चूक?"

"ती माझी चूक आहे. तुमची नाही."

"काय चूक?"

त्याने फळी छातीशी धरली. "शुक्रवारनंतर सांगेन."

मी जिन्याने खाली उतरले. चार मजले. दोराने उतरायला आलेल्या माणसाला जिन्याने उतरावं लागणं यासारखी दुसरी नामुष्की नाही. आणि खाली आवारात मोठ्या कंपनीची गाडी उभी होती. तिचा मालक, पोटावर हात ठेवून उभा असलेला, वर बघून ओरडला, "काय परीक्षक, चहाला येताय ना?"

"आत्ता कळलं," माझ्याबरोबर आलेला मामा दात आवळून म्हणाला. "हा गाठपंडित त्यांचा माणूस."

"असेल," मी म्हटलं. पण मला ती बट आठवत होती, आणि त्या वेळचा त्याचा चेहरा. तो कोणाचा माणूस असल्यासारखा दिसत नव्हता. कोणाचाच नसल्यासारखा दिसत होता.

...

गुरुवारी मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पाठीला दोर बांधून बसले. नऊ गाठी मारल्या. नऊच्या नऊ उलट्या. दहाव्या वेळी हात जबरदस्तीने दुसरीकडे वळवले तर गाठच झाली नाही, नुसता गुंता. ज्या क्षणी बोटं उजवीकडे न्यायची, त्याच क्षणी माझ्या हातांवरचे दुसरे हात मला बाजूला सारावे लागत. ते मला जमत नव्हतं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. परीक्षकाला तर नाहीच.

आईने भांडी आवरली, हात पुसले. "कोण आहे हा परीक्षक?"

"आहे एक."

"'आहे एक' म्हणजे बराच आहे."

"आई, उद्या नऊ वाजता माझा निकाल आहे."

"तेच बघतेय मी. दुपारपासून." तिने माझ्या हातातली गाठ घेतली, फिरवून पाहिली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. "त्यांचीच आहे ही," ती म्हणाली. मग उठून तिने दिवा लावला. बाहेर अंधारून येत होतं, त्यामुळे गॅलरीच्या दाराची काच एकदम आरसा झाली. "इथे उभी राहा. हातांकडे बघू नकोस, काचेत बघ. काचेत बाबांची गाठ दिसेपर्यंत बांध."

मी काचेत बघितलं. काचेतल्या मुलीचे हात चुकत होते, अडत होते, पण तिला कुठे जायचंय ते मला ठाऊक होतं. एक वळसा. मागून पुढे. आत. ओढ.

काचेत बाबांची गाठ होती. मी खाली हातांकडे पाहिलं. हातात सरळ गाठ.

"बघ," आई म्हणाली. "आहे ना? पलीकडच्या बाजूला आहे." आणि ती लगबगीने आत गेली, भांडी सगळी आवरून झालेली असताना.

...

शुक्रवारी मनोऱ्यावर तो नव्हता.

आखूड केसांच्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक बाई होत्या. सगळे त्यांना 'मास्तरीणबाई' म्हणत आणि त्यांच्यासमोर कोणी काहीच म्हणत नसे.

"ते कुठे आहेत?" मी विचारलं.

"त्यांनी तुमची परीक्षा घ्यायला नकार दिला. लेखी."

नकार. म्हणजे मामा बरोबर होता का? चहा, मालक, खोडलेली खूण... माझे कान तापले. तीन तासांनी मला इमारतीच्या बाईंसमोर उभं राहायचं होतं, आणि इथे वारा एवढा होता की दोराची टोकं लोखंडावर आपटून वाजत होती.

"दोर बांधा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

समोर काच नव्हती. नुसतं आभाळ. मी डोळे मिटले आणि गॅलरीचं दार आठवलं.

"डोळे उघडा. दोरावर झोपायचं नसतं."

मी उघडले. एक वळसा. मागून पुढे. बोटं डावीकडे ओढ घेत होती, मी त्यांना मनातल्या मनात म्हटलं, पलीकडच्या बाजूला आहे, नक्की आहे. आत. ओढ.

बाई वाकल्या. त्यांनी गाठ पाहिली. किती वेळ पाहावी एखादीने! मग शिट्टी छातीवर सरळ करून म्हणाल्या, "सरळ. उतरा."

मी उतरले. दोराने.

तो खाली नळापाशी उभा होता. पट्टा नाही, फळी नाही, साधा सदरा. मी हेल्मेट काढायचीही वाट पाहिली नाही.

"नकार दिलात?"

"दिला."

"का? बुधवारी नापास करून समाधान झालं नव्हतं? की चहाला उशीर होत होता?"

"कसला चहा?" त्याला खरंच कळलं नाही. "झालात का पास? आधी ते सांगा."

"झाले."

त्याने श्वास सोडला. नळाला टेकला. तो बोलायला लागला तेव्हा माझ्याकडे नाही, मनोऱ्याच्या टोकाकडे बघत होता.

"चौदा वर्षं परीक्षा घेतोय. गाठ न बघता बरोबरची खूण मी कधी केलेली नाही. बुधवारी केली. हेल्मेट पाहिलं, पट्टा पाहिला, आणि मग... मग तुमच्याकडे पाहिलं. आणि खूण करून मोकळा झालो. दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं की गाठ पाहिलीच नाही. परत येऊन पाहतो तर उलटी. नशीब, नुसतीच उलटी होती. कच्ची असती तरी मी तुम्हाला खाली सोडलं असतं." टपकणारा नळ त्याने पिळून बंद केला. "रात्रभर तेच दिसत राहिलं. दुसऱ्या दिवशी लिहून दिलं, या परीक्षार्थीची परीक्षा माझ्याकडून नको."

"कारण काय लिहिलंत?"

"वैयक्तिक."

"आणि मास्तरीणबाईंनी विचारलं नाही?"

"विचारलं ना. म्हणाल्या, 'काय, गाठ पडली वाटतं कोणाशी?' मी म्हटलं, पडली. पण उलटी."

हसू आलं मला. आवरलं. पाच महिन्यांत माझ्याशी सगळे हळू आवाजात, तब्येत विचारल्यासारखे बोलत होते. हा माणूस असं बोलत होता, जणू मला काही झालेलंच नाही... किंवा झालंय ते त्याला ठाऊक आहे आणि त्याला त्याची भीती वाटत नाही.

"मला आत्ता जायचंय," मी म्हटलं. "परवाना दाखवायला."

"जा."

"तुम्ही जे बोललात, त्यावर मी..."

"सांगायचं माझ्याकडे होतं, ते सांगितलं. तुमच्याकडून काही येणं आहे असं नाही."

...

व्यवस्थापक बाईंनी परवाना उलटसुलट करून पाहिला. "ठीक. सोमवारी आठ वाजता. दोराला दोघं असतात ना? दुसरा कोण?"

"आहे एक," मी म्हटलं. मामाने रोजावरचा एक परवानाधारक गडी ठरवला होता.

तो गडी रविवारी सकाळी मोठ्या कंपनीत रुजू झाला. मामा फोन ठेवून तसाच उभा राहिला.

"मी चढतो," तो म्हणाला.

"मामा, तू जिना चढताना देवाचं नाव घेतोस."

"मग देव आणि मी असे दोघं होऊ."

आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. "तुझा तो 'आहे एक'..."

"नाही." मी एवढ्या झटकन म्हटलं की मामाने भुवया वर केल्या. परीक्षकाचं मन आणि माझी गरज मला एकाच दोरावर टांगायची नव्हती. त्याने काही मागितलं नव्हतं. आणि मी पहिल्यांदा त्याच्याकडे जाणार ती काय, माणूस कमी पडला म्हणून?

दुपारी दोनपर्यंत मी सहा फोन केले. सहा नकार आले. सोमवार तसाच समोर उभा. सातवा फोन मास्तरीणबाईंना, नंबर मागायला. आठवा त्याला.

"हे कामाचं बोलणं आहे," मी आधीच सांगितलं. "शुक्रवारच्या बोलण्याला उत्तर म्हणून यातून काही अर्थ काढायचा नाही."

"नाही काढणार."

मी सगळं सांगितलं. पळून गेलेला गडी, आठ वाजता, सात मजले. तो ऐकत राहिला.

"सोमवारी तुमची सुट्टी असते ना?"

"असते. तुम्हाला कसं कळलं?"

"मास्तरीणबाईंना विचारलं."

"हे कामाचंच बोलणं आहे ना?"

"अहो..."

"येतो," तो म्हणाला. हसू आवाजात दडवलेलं, पण पुरतं दडलं नव्हतं. "कधीपासून एखादा जोडधंदा बघतच होतो."

...

सोमवारी सकाळी गच्चीवर वारा होता, पण बेताचा. मामा दोरांच्या मुळाशी खुर्ची टाकून बसला, पहारेकऱ्यासारखा, आणि परीक्षकावरही पहारा ठेवून.

"एक नियम," दोर सोडता सोडता परीक्षक मला म्हणाला. "दोरावर अहो-जाहो चालत नाही. 'थांबा' म्हणेपर्यंत एक अक्षर जास्त जातं. सोड, ओढ, थांब. आणि ऐकणाऱ्याने उलट सांगायचं... सोडलं, ओढलं, थांबलो. म्हणजे पोचलं हे कळतं."

"जमेल."

"म्हणून बघा."

"आत्ता कशाला? आत्ता गच्चीवर आहोत."

मामा खोकला. उगाच.

मी परीक्षकाची गाठ तपासली. सरळ, घट्ट, पुस्तकातल्यासारखी. मग तो माझ्यापुढे वाकला. हेल्मेट. पट्टा. कड्या. गाठ. त्याने ती बोटाने दाबून पाहिली, दोराचं टोक मोजलं, सावकाश, काही न सोडता. मग सरळ उभा राहिला आणि हललाच नाही.

"झालं का पाहून?"

"गाठ पाहिली. आता तुमच्याकडे बघतोय," तो म्हणाला. "या वेळी क्रम बरोबर आहे."

मी कठडा ओलांडला. दुसरं काय करणार? तिथे उभी राहिले असते तर चेहरा दिसला असता.

सातवा मजला वकिलांचा, सहावा संगीताच्या वर्गाचा. मी साबण लावायची, तो शेजारच्या काचेवर असायचा, आणि आमच्यामध्ये हातभर हवा. काचेत मला माझी गाठ दिसत होती, डावरी. मी तिच्यावरून ओला फडका फिरवला, पाणी ओढून घेतलं, आणि ती आणखी स्वच्छ दिसली.

पाचवा मजला दंतवैद्यांचा. तो माझ्याआधी खाली सरकायला लागला. त्याचं तोंड वर, दोराकडे. आणि त्याच वेळी त्याच्या पायांखालच्या खिडकीची कडी आतून कोणीतरी काढलेली मला दिसली. कुणाला हवा हवी होती. झडप बाहेर उघडायला लागली. अख्खी काच, पातीसारखी आडवी येत होती, नेमकी त्याच्या पायांच्या वाटेत.

"थांब!"

माझ्या घशातून एवढा आवाज निघू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

"थांबलो."

तो दोरावर जागच्या जागी गोठला. त्याचे बूट आणि काच यांच्यामध्ये वीतभर अंतर होतं. आतून एक नर्स डोकावली, किंचाळली आणि तिने खिडकी लावून घेतली. तिच्यामागे खुर्चीत आडवा झालेला पेशंट, तोंडात कापूस, आ वासून आम्हाला बघत होता.

दोरावरून परीक्षक म्हणाला, "बघितलं नव्हतं मी."

"मी बघितलं," मी म्हटलं. पाच महिन्यांपूर्वी दाराजवळच्या खुर्चीपाशी मी काहीच करू शकले नव्हते. ओरडायलाही वेळ नव्हता, आणि ओरडून थांबेल असं ते नव्हतंच. आज मी ओरडले आणि समोरचा माणूस थांबला. एवढंच झालं होतं. पण मला रडू येत होतं आणि दोन्ही हात दोरात होते, म्हणून मी ते येऊ दिलं. त्याने ते पाहिलं. दोरावर थोडासा झोका घेऊन जवळ आला आणि मी सावरेपर्यंत शेजारी लटकत राहिला.

"सोडू?" मग त्याने विचारलं.

"सोड."

"सोडलं."

दुपारपर्यंत काचा झाल्या. मग गच्चीवरचे पॅनेल, पन्हळी, आणि जाळीत अडकलेलं कबुतरांचं एक अख्खं घरटं. ते त्याने न मोडता कोपऱ्यात हलवलं आणि मामाने त्याला बढती दिली, "गाठपंडित, बरा आहेस रे तू." चार वाजता व्यवस्थापक बाई खाली आल्या, मान मागे टाकून सातही मजले बघितले, म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात जाळ्यांचं बाकीचं काम," आणि आत गेल्या. तेवढ्यावरून कळलं की इमारत आमचीच राहिली.

मामा शिड्या गाडीवर चढवायला गेला. फूटपाथवर आम्ही दोघंच. त्याने दोर गुंडाळून माझ्या पिशवीत नीट ठेवला आणि आपली पिशवी उचलली.

"बरं मग," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यापर्यंत तुम्हाला दुसरा माणूस मिळेलच. मी एक-दोन नावं सुचवतो. चांगली माणसं आहेत, गाठी सरळ बांधतात..." त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला. "काळजी घ्या."

तो वळला. एक पाऊल. दोन. त्याने शब्द पाळला होता, कालच्या फोनमधून काही अर्थ काढला नव्हता. आता जे काढायचं ते मलाच काढून द्यायला हवं होतं, आणि माझ्याजवळ वाक्य नव्हतं. इतकी पुस्तकं वाचली, पण ऐन वेळी एकही वाक्य हाताशी नव्हतं.

"थांब," मी म्हटलं.

तो तसाच पाठमोरा उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आपण खाली आहोत."

"ठाऊक आहे."

"खाली 'थांबा' म्हणायचं असतं."

"नाही म्हणणार."

तो वळला. आधी डोळे, मग ओठ. खांद्यावरची पिशवी त्याने काढली आणि जमिनीवर ठेवली.

"थांबलो," तो म्हणाला.